नगररचनेचा एक जुना खेळ आणि त्याचे निष्ठावंत



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी याच इमारतीत सहावी ते आठवी अशी तीन वर्षे बसलो. ते भूगोल शिकवीत. दिवाळीच्या सुटीत आम्ही मुले आपापल्या वाड्यांच्या अंगणात मातीचे किल्ले करीत असू आणि गुरुजी सायकलवरून एकेक किल्ला पाहत हिंडत. बुरूज किती उंच झाला, मावळे किती मांडले, इकडे त्यांचे लक्ष नसे. सायकल भिंतीला टेकवून ते एकच प्रश्न विचारीत, “वर पाणी कुठून येतं?” बहुतेकांच्या किल्ल्यावर पाणी नसे. मग चमच्याने टाके खणण्याची धांदल उडे आणि त्यात ओतलेले पाणी माती क्षणात पिऊन टाकी.

आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यवाहांनी विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा संतवाङ्मयाची किंवा फार तर होळकरकालीन पत्रव्यवहाराची असावी. मी सांगितलेला विषय त्यांनी दूरध्वनीवर दोनदा वदवून घेतला. विषय असा: २००३ साली निघालेला संगणकावरचा एक खेळ, आणि वीस वर्षे उलटून गेली तरी त्याला न सोडणारी माणसे. खेळाचे नाव ‘सिमसिटी ४’. त्यात शत्रू नाही, तलवार-बंदूक नाही, जिंकणे-हरणेही नाही. उजाड जमीन मिळते, तिजोरीत काही रक्कम मिळते आणि नगर वसवायचे असते. रस्ते आखा, वीज आणा, जमिनीखाली नळ टाका, कर बसवा. मग लोक येतात किंवा येत नाहीत.

या विषयात माझा अधिकार शून्य आहे. माझ्या नावावर आहे तो एक अपराध. तो आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोठून आले हे ध्यानात येईल.

२००३-०४ साली माझा मुलगा बारावीला होता. त्याने पैसे साठवून या खेळाची सीडी घेतली होती. रात्री अकरानंतर त्याच्या खोलीत दिवा दिसे; मी गणिताचा अभ्यास समजून समाधानी असे. एके रात्री पाणी प्यायला उठलो आणि पाहिले, तर चिरंजीव पडद्यावर गटार टाकीत होते. प्राध्यापकाला शोभेल असे बरेच मी बोललो. सीडी घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली. परीक्षा झाली की परत देईन, असे म्हणालो होतो. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, तो अभियांत्रिकीला बाहेरगावी गेला. सीडी कपाटातच राहिली. त्याने ती कधी मागितली नाही. भांडण झाले नाही, अबोलाही धरला नाही. एवढेच झाले, की आपण सध्या कशात रमलो आहोत हे त्याने मला सांगणे त्यानंतर सोडून दिले. पंधरा वर्षे आमचे बोलणे प्रकृती, प्रवास आणि पैसे या तीन विषयांवर चालले. हे मला फार उशिरा कळले, कारण मी बोलत असताना सहसा कोणी बोलत नाही, याची मला सवय झालेली होती.

२०१९ मध्ये घर बदलताना प्रबंधाच्या टिपणांच्या गठ्ठ्यात ती सीडी सापडली. मी ती घेऊन हैदराबादला, त्याच्याकडे गेलो. तो हसला. म्हणाला, “बाबा, मी हॉस्टेलवर गेल्यावर पहिल्याच महिन्यात दुसरी घेतली होती.” आणि त्या पहिल्या महिन्यात वसवायला घेतलेला प्रदेश त्याच्या संगणकावर अजून नांदता होता. मध्ये चार-पाच संगणक बदलले, नोकरी बदलली, लग्न झाले, मुलगी झाली. तो प्रदेश एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात राहिला. तेव्हापासून मी जातो तेव्हा रात्री त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसतो आणि वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला पडतात ते प्रश्न विचारतो. त्यांतला मुख्य प्रश्न हाच, की नवे, देखणे, अधिक सामर्थ्यवान खेळ बाजारात असताना शहाणी माणसे या जुन्याला का चिकटून राहतात?

प्रथम या खेळाच्या जन्माची हकिकत. विल राइट नावाचा अमेरिकन रचनाकार ‘रेड ऑन बंजेलिंग बे’ नावाचा खेळ घडवीत होता. तो १९८४ मध्ये निघाला. हेलिकॉप्टरमधून बेटांवरच्या कारखान्यांवर बाँब टाकायचे, असा तो चारचौघांसारखा खेळ. ही बेटे चितारण्यासाठी राइटने स्वतःपुरते एक साधन केले होते. त्याने रस्ते जोडायचे, वस्ती मांडायची. काम करता करता त्याच्या लक्षात आले, की ही बेटे उद्ध्वस्त करण्यापेक्षा वसवण्यातच आपल्याला अधिक गोडी वाटते. मग तो नगररचनेची पुस्तके वाचू लागला. जे फॉरेस्टर या अभियंत्याचा ‘अर्बन डायनॅमिक्स’ हा १९६९ चा ग्रंथ त्याच्या हाती आला. नगर म्हणजे लोकसंख्या, घरे आणि रोजगार यांची एकमेकांत गुंतलेली समीकरणे, असे मांडणारा तो ग्रंथ. दुसरी प्रेरणा माझ्या प्रांतातली आहे. स्तानिस्लाव लेम या पोलिश लेखकाची एक कथा आहे. पदच्युत झालेल्या एका जुलमी राजाची करमणूक व्हावी म्हणून एक कुशल यंत्रकार त्याला पेटीत मावेल एवढे चिमुकले राज्य करून देतो. नगरे, प्रजा, बंडे, युद्धे, सारे त्यात असते. यंत्रकार घरी येऊन मोठ्या फुशारकीने मित्राला हे सांगतो, आणि मित्र विचारतो, की त्या चिमुकल्या प्रजेला होणारे दुःख खोटे कशावरून? यंत्रकाराची झोप उडते. राइटने या कथेचे ऋण मान्य केले आहे. ज्या खेळाच्या मुळाशी असा प्रश्न आहे, त्याला ‘पोरखेळ’ म्हणून मी कुलूप लावले होते.

१९८७ मध्ये राइट आणि जेफ ब्रॉन यांनी ‘मॅक्सिस’ ही संस्था काढली आणि १९८९ मध्ये पहिली ‘सिमसिटी’ बाहेर आली. मधल्या काळात प्रकाशकांना ती पटत नव्हती. शेवट नसलेला, विजय नसलेला खेळ विकायचा कसा, ही त्यांची अडचण. राइटचे म्हणणे असे, की हा ‘गेम’ नव्हे, हे ‘टॉय’ आहे. इंग्रजीत हे दोन शब्द एकमेकांपासून दूर राहतात. मराठीत मात्र ‘खेळ’ आणि ‘खेळणे’ एकाच धातूची भावंडे आहेत, आणि त्यांच्यातला भेद आपल्या भाषेत फार सुरेख उतरला आहे. खेळ मांडतात आणि मोडतात. खेळणे जवळ बाळगतात. बुद्धिबळाचा डाव संपला की त्या डावाशी आपले नाते संपते. लाकडी ठकीशी नाते संपत नाही, तिचे नाक उडाले तरी संपत नाही.

पुढे १९९३ मध्ये ‘सिमसिटी २०००’ आली, १९९७ मध्ये मॅक्सिस संस्था ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या मोठ्या कंपनीने विकत घेतली, १९९९ मध्ये ‘सिमसिटी ३०००’ आणि जानेवारी २००३ मध्ये चौथी. त्याच वर्षी ‘रश अवर’ नावाची पुरवणी निघाली. आपल्या निष्ठावंतांचा मुक्काम येथेच पडला आहे.

या चौथ्या अवतारात नवे काय होते? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘प्रदेश’. आधीच्या खेळांत एक नगर असे आणि त्याच्या सीमेवर जग संपे. येथे एका प्रदेशात अनेक नगरे असतात: एक किलोमीटर, दोन किलोमीटर आणि चार किलोमीटर बाजूचे चौकोन शेजारी शेजारी मांडलेले. एका चौकोनातला माणूस दुसऱ्यात कामाला जातो. एक नगर दुसऱ्याला वीज विकते, पाणी विकते, आपला कचराही पैसे देऊन त्याच्या गळ्यात घालते. त्यामुळे येथे माणूस एक शहर पूर्ण करून मोकळा होत नाही. धुराड्याचे गाव एकीकडे, नोकरदारांची वस्ती दुसरीकडे, मधल्या शेतांतून जाणारी रेल्वे, असा मुलूख हळूहळू भरत जातो. चार किलोमीटरचा एक चौकोन मनासारखा भरायला माझ्या मुलाला तीन-चार महिन्यांच्या रात्री लागतात, आणि त्याच्या प्रदेशात असे चाळीसहून अधिक चौकोन आहेत. त्रैराशिक आपण घरी करावे.

दुसरी गोष्ट दिसण्याची. संगणकावरचे खेळ फार लवकर म्हातारे होतात. दहा वर्षांपूर्वीचे चेहरे आज लाकडी वाटतात. हा खेळ तसा वाटत नाही, याचे मला आश्चर्य होते. मुलाने कारण सांगितले. यातल्या इमारती यंत्र त्या त्या क्षणी घडवीत नाही. त्यांची चित्रे आधीच काढून ठेवलेली आहेत: चार दिशांनी आणि पाच अंतरांवरून, म्हणजे प्रत्येक इमारतीची वीस चित्रे. आपण पाहतो ती लघुचित्रे असतात. जो खेळ डोळ्यांना फसवून खरे भासवू पाहतो, तो उद्याच्या अधिक फसव्या खेळापुढे उघडा पडतो. चित्र तर पहिल्यापासून ‘मी चित्र आहे’ असेच सांगत असते, त्यामुळे ते उघडे पडण्याचा प्रश्नच येत नाही. मला ही गोष्ट वाङ्मयालाही लागू वाटते. पण तो मोह आज आवरतो.

तिसरी गोष्ट मला माझ्या विषयाच्या सर्वांत जवळची वाटते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळणार आहे.

आपल्या जुन्या पोथ्यांचे काय होत असे, हे येथील मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. एकाने पोथी लिहिली, दुसऱ्याने नकलली, तिसऱ्याने समासात आपल्याला सुचलेली ओवी टिपून ठेवली, चौथ्या नकलकाराने ती समासातून उचलून संहितेत बसवली. यालाच आम्ही ‘प्रक्षेप’ म्हणतो आणि पाठचिकित्सा करणारे लोक आयुष्यभर प्रक्षेपांच्या मागे काठी घेऊन धावत असतात. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद इतके माजले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. मी स्वतः प्रबंधासाठी सहा वर्षे हेच केले. प्रक्षेप म्हटला की माझ्या कपाळाला आठी पडे.

सिमसिटी ४ हा सारा प्रक्षेपांवर जगलेला ग्रंथ आहे. मूळ खेळात आणि त्याच्या पुरवणीत मिळून इमारतींच्या शैली चारच: १८९० चे शिकागो, १९४० चे न्यूयॉर्क, १९९० चे ह्यूस्टन आणि समकालीन युरोप. पण निर्मात्यांनीच एक शहाणपण केले. इमारती घडवण्याचे साधन त्यांनी २००४ मध्ये खेळाडूंच्या हाती दिले. मग जगभरच्या हौशी माणसांनी आपापल्या गावची घरे, देवळे, स्थानके, शेतांची कुंपणे घडवून एकमेकांना वाटायला सुरुवात केली. त्याच वर्षी काही खेळाडूंनी रस्त्यांचे आणि वाहतुकीचे दुरुस्तीकाम हाती घेतले. ‘नेटवर्क अ‍ॅडऑन मॉड’ असे त्या कामाचे नाव. मूळ खेळात कामावर निघालेल्या माणसाला वाट शोधून देणारी आकडेमोड कच्ची होती. तो बिचारा समोरचा मोकळा हमरस्ता सोडून गल्लीत अडकून बसे. ती आकडेमोड यांनी सुधारली. ट्रामगाड्या आणल्या, वर्तुळाकार चौक आणले, वाकडे रस्ते आणले. आपल्याकडच्यासारखी वाहने डावीकडून चालावीत की अमेरिकेसारखी उजवीकडून, याचीही सोय केली. हे काम वीस वर्षांहून अधिक काळ चालले आहे. ते करणारे बदलत गेले. कोणी मध्येच संसारात गुंतला, कोणी कंटाळला, त्याच्या जागी दुसरा आला. कोणालाही त्याचे वेतन नाही. चारच शैलींची मर्यादासुद्धा अलीकडच्या वर्षांत या लोकांनी ओलांडली.

यातला बराचसा खटाटोप निव्वळ डागडुजीचा आहे. हा खेळ एका कोअरच्या संगणकासाठी लिहिलेला. आजचे संगणक अनेक कोअरचे. कित्येकदा तो मध्येच कोसळतो आणि तासाभराचे काम घेऊन जातो. मग खेळाडू त्याला एकाच कोअरशी बांधून ठेवतात, दर दहा मिनिटांनी नगर जतन करतात, स्मृतीची मर्यादा वाढवण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगतात. जुन्या वाड्यात राहणाऱ्याला कोणत्या पायरीवर पाय जपून टाकायचा हे माहीत असते, तसे यांना या खेळाचे कच्चे दुवे माहीत असतात. माझ्या मुलाने एकदा मला हे कच्चे दुवे अर्धा तास सांगितले आणि त्या अर्ध्या तासात तो जितका आनंदात होता, तितका पगारवाढ सांगताना नव्हता.

याच्या उलट घडलेली गोष्टही सांगितली पाहिजे. मार्च २०१३ मध्ये कंपनीने नवी ‘सिमसिटी’ काढली. रूप देखणे, हालचाल जिवंत. पण अट अशी, की खेळताना संगणक सतत इंटरनेटद्वारे कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला हवा. पहिल्याच दिवसांत गर्दी एवढी लोटली, की सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेल्या लोकांना आपल्याच नगरात प्रवेश मिळेना. शिवाय नगरासाठी जागा अपुरी, साधारण दोन किलोमीटर बाजूची, आणि ती वाढवता येत नसे. इंटरनेटवाचून खेळण्याची मुभा मिळायला मार्च २०१४ उजाडला. २०१५ मध्ये तर ज्या स्टुडिओत ही मालिका घडली, तो एमेरीव्हिलचा मॅक्सिस स्टुडिओच बंद झाला. त्या काळात असंख्य लोक जुन्या चौथ्या खेळाकडे परतले. ही पोथी अशी होती, की समासात लिहायला जागा नाही, आणि वाचायची तर प्रत्येक वेळी मठाधिपतींचे दार ठोठवायचे.

पण एवढ्यावरून ‘नवे वाईट म्हणून जुने गोड’ असे म्हणता येणार नाही. २०१५ च्या मार्चमध्येच फिनलंडमधील एका छोट्या चमूने ‘सिटीज: स्कायलाइन्स’ नावाचा खेळ काढला. तो उत्तम होता. जागा प्रशस्त, खेळाडूंच्या भर घालण्याला पहिल्या दिवसापासून मोकळीक. असंख्य लोक तिकडे गेले, आणि त्यांत गैर काही नव्हते. म्हणून जे उरले त्यांच्याविषयी ‘बिचाऱ्यांना पर्याय नव्हता’ असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. त्यांनी दुसरे घर पाहिले, त्याची प्रशंसा केली, काहींनी तिकडे बिऱ्हाडही केले. आणि तरी रात्री ते जुन्या घरी येतात.

‘हे सारे स्मरणरंजन आहे, तरुणपणीचा खेळ म्हणून गोड लागतो,’ असे माझ्या एका स्नेह्यांनी ऐकवले. मलाही आधी तसेच वाटे. पण माझ्या भाचीचा मुलगा २००८ चा. त्याच्या जन्माआधी पाच वर्षे निघालेल्या खेळाची त्याला कसली आठवण असणार? त्याने दोन्ही खेळ पाहिले आणि हाच धरला. का, असे विचारल्यावर म्हणाला, “आजोबा, त्यात थांबता येतं.” मी बराच वेळ या वाक्याचा अर्थ लावीत होतो. मग दिसले ते असे, की या खेळात नगर आपल्या गतीने वाढत राहते आणि आपण नुसते पाहत बसू शकतो. दिवस मावळतो, खिडक्यांत दिवे लागतात, शेवटची रेल्वे निघून जाते. कोणी आपल्याला पुढचे काम सांगत नाही, शाबासकीचे पदकही देत नाही. ‘निष्ठा’ हा शब्द ‘स्था’ धातूपासून आला आहे. त्यात उभे राहणे आहे, थांबणे आहे. आपण त्यात उगीचच त्याग आणि शपथा भरल्या.

आणि एक साधे कारण, जे तात्त्विक चर्चेत राहूनच जाते. प्रदेश हलवता येत नाही. एका खेळातले नगर दुसऱ्या खेळात नेण्याची काही सोय नाही. नव्याकडे जायचे म्हणजे पंधरा वर्षांची गावे मागे टाकून जायचे. आपल्यापैकी कित्येकांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी होळकरांच्या पदरी येताना घाटावरची गावे मागे टाकली होती. ती किती हौसेने टाकली असतील, मला माहीत नाही.

स्तुती पुष्कळ झाली. आता या खेळाचे उणे. माझी त्याच्याविषयी मुख्य तक्रार ही, की तो अमेरिकन आहे. त्यात जमीन तीन रंगांची: हिरवी राहण्यासाठी, निळी व्यापारासाठी, पिवळी कारखान्यांसाठी. एका जमिनीला एकच धर्म. मी मुलाला म्हटले, “आपला सराफा काढून दाखव.” तो हतबल झाला. दिवसा सोन्याचांदीची पेढी, रात्री तिच्याच पायरीवर भुट्ट्याचा कीस आणि गराडू तळणारा, आणि वरच्या मजल्यावर पेढीवाल्याचे कुटुंब झोपलेले. अशा जागेला या खेळात रंग नाही. त्याला सण ठाऊक नाहीत. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या निघतात तेव्हा वाहतूक बंद होते आणि शहर बंद पडत नाही, उलट चालू होते, हे त्या समीकरणांना समजावून कसे सांगायचे? शाळा मात्र आहे. शिक्षकांच्या वेतनाची तरतूद कापली, की शिक्षक संपावर जातात आणि शाळेबाहेर घोषणा देतात. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी ही माहिती केवळ माहिती म्हणून घ्यावी.

फॉरेस्टरची समीकरणे लिहिली जाण्याच्या अर्धशतक आधी आपल्या या गावात एक गृहस्थ येऊन गेले, ज्यांना हे समजले होते. पॅट्रिक गेडिस हे ते स्कॉटिश नगररचनाकार. महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबारासाठी त्यांनी इंदूरचा अहवाल लिहिला. तो १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला. नदीकाठ, गल्ल्या, विहिरी, होऊ घातलेले विद्यापीठ, सगळे त्यात आहे. गेडिसची पद्धत अशी, की जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढण्याआधी तिच्यातून पायी हिंडायचे, आणि एखादी भिंत, एखादा उकिरडा हलवून वस्तीला मोकळा श्वास घेता येतो का ते पाहायचे. शस्त्रक्रिया करायची, पण हात राखून. त्यांच्या चरित्रात इंदूरच्या दिवाळीची एक हकिकत येते. प्लेगचे दिवस. गेडिसनी एक दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि जाहीर केले, की यंदा मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. जो भाग सर्वांत स्वच्छ, जेथील घरांची डागडुजी झालेली, तेथून जाईल. मिरवणुकीचा मान आपल्या गल्लीला मिळावा म्हणून लोकांनी घरे झाडली, रंगवली, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचीही प्रतिमा होती. एका दिवसाचा नगराधिपती होऊन त्या माणसाने जे साधले, त्यासाठी सिमसिटीत एकही कळ नाही. ही हकिकत मी मुलाला सांगितली, तेव्हा पंधरा वर्षांत प्रथमच त्याने माझे बोलणे मध्येच तोडून प्रश्न विचारला. मार्ग कोणता होता, हे त्याला हवे होते.

त्याने हे का विचारले, ते मग त्याने दाखवले. जमिनीच्या उंचसखलपणाचे करड्या रंगातले चित्र या खेळाला दिले, की तो त्यावरून भूमी घडवतो. फिकट तेथे उंच, गडद तेथे सखल. हॉस्टेलवर त्याने पहिल्यांदा जो प्रदेश घडवला, तो माळव्याचा होता. खान आणि सरस्वती यांचा संगम मला लगेच ओळखू आला. राजवाड्याच्या जागी त्याने प्रथम शिकागोची एक इमारत ठेवली होती. पुढे स्वतः शिकून सात मजल्यांचा दरवाजा घडवला, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १९८४ च्या आगीनंतरचा राजवाडा त्याने लहानपणी पाहिला. खेळात त्याने आगीपूर्वीचा उभा केला आहे, माझ्या जुन्या छायाचित्रावरून. ते छायाचित्र माझ्या कपाटातून कधी गेले, हे मला कळले नव्हते.

आमची गल्ली होती. वाडा नव्हता, तेथे त्याने झाडे लावली होती. मी विचारले नाही.

विचारले ते दुसरेच. तोंडातून आपोआप गेले, “या गावाला पाणी कुठून येतं?”

त्याने नगर मिटले आणि प्रदेशाच्या दक्षिण टोकाचा एक लहान चौकोन उघडला. खाली नदी, काठावर पंपांची रांग, एक रस्ता, थोडी घरे, बाकी सगळे रान. “हे जलूद,” तो म्हणाला. “नर्मदा. अंतर मी कमी केलंय, खरं सत्तर किलोमीटर आहे. हे गाव आपल्याला पाणी विकतं. दर महिन्याला पैसे जातात.” पाणी घाट चढून वर येते कसे, असे मी विचारले. तो म्हणाला, “खेळात पाणी चढावर आपोआप चढतं, बाबा. ती एक चूक आहे. कोणी दुरुस्त केली नाही अजून.” मग पडद्यावर त्याने जमिनीखालचे नळ दाखवले. चौकोनामागून चौकोन ओलांडत एक निळी रेघ उत्तरेकडे गेली होती.

ही जोडणी कधी केलीस, असे मी विचारले.

“दोन हजार सहा,” तो म्हणाला. “हॉस्टेलवर पाणी दोनच तास यायचं, तेव्हा.”